पडदा काळा झाल्यावर

प्रिंटरचा ड्रायव्हर बिघडला तर लॉग उघडून कारण शोधता येते. ग्राफिक्स ड्रायव्हर बिघडला की लॉग वाचण्याचा पडदाच जातो. त्यामुळे लिनक्स डिस्ट्रो बांधणाऱ्या, पॅकेजे सांभाळणाऱ्या आपणा सर्वांवर इथे जास्तीची जबाबदारी येते. ग्राफिक्समधली प्रायोगिक सोय सुरू करावी का, यापेक्षा ती बंद कशी करता येईल, हा प्रश्न आधी सोडवायला हवा.

एसीओ या शेडर कम्पायलरचा प्रवास पाहा. एएमडी कार्डांवर एलएलव्हीएमने शेडर कम्पाइल व्हायला वेळ लागे आणि गेम अडखळत. वाल्व्हने २०१९ मध्ये एसीओ पुढे आणला, मेसा १९.३ मध्ये तो आलाही, पण बंद अवस्थेत. एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावला की तेवढ्या गेमपुरता तो चालू होई. बिनसले तर व्हेरिएबल काढायचा, बाकी यंत्राला धक्का नाही. मेसा २०.२ मध्ये, म्हणजे २०२० साली, तो डिफॉल्ट झाला. तेव्हाही एलएलव्हीएमकडे परतण्याची वाट ठेवली होती.

कर्नलमधले काम इतके सुटसुटीत नसते. इंटेलच्या आय-९१५ ड्रायव्हरमधले पॅनेल सेल्फ रिफ्रेश घ्या. चित्र स्थिर असताना पॅनेल ते स्वतःच्या मेमरीतून दाखवत राहते, तेवढा वेळ बाकीची यंत्रणा विसावते आणि बॅटरी वाचते. मात्र काही लॅपटॉपवर याच सोयीने पडदा लुकलुकतो. असा पर्याय हाताने बदलला की ‘धोकादायक पर्याय’ अशी नोंद करून कर्नल स्वतःला टेंटेड ठरवतो. हाच बदल डिस्ट्रोच्या डिफॉल्ट कॉन्फिगरेशनमध्ये गुपचूप घातला, तर प्रत्येकाचा कर्नल त्याच्या नकळत डागाळतो. हे वापरणाऱ्यांशी प्रामाणिक वागणे नव्हे.

फेडोरा १२ ने रेडिऑनच्या आर-६०० आणि आर-७०० कार्डांसाठीचे कच्चे थ्रीडी ड्रायव्हर वेगळ्या पॅकेजात दिले होते. पॅकेजाच्या नावातच ‘एक्सपेरिमेंटल’ शब्द होता. ज्याला हवे तो समजून-उमजून ते घेई, नको झाले की काढून टाकी. माझ्या मते आजही याहून चांगली पद्धत नाही.

म्हणून नवे काही देऊच नये, असे मात्र नाही. पॅनेल, लॅपटॉप आणि फर्मवेअर यांच्या असंख्य जोड्या कुठल्याही प्रयोगशाळेत तपासून होत नाहीत. त्या लोकांच्या टेबलांवरच तपासल्या जातात. त्यांनी कळवलेले दोष मूळ प्रकल्पापर्यंत पोचवणे हेही आपलेच काम आहे.

पुढच्या रिलीजआधी एवढे जरूर करा: नवी सोय चालू करून पडदा मुद्दाम काळा पाडा आणि फक्त कीबोर्ड व बूट मेनू वापरून यंत्र परत आणा. मेनूत जुना कर्नल आणि ‘नोमोडसेट’ची नोंद आहे ना, हे पाहा. नसेल, तर ती सोय या रिलीजमध्ये चालू करू नका.