वेगाचे व्याज



गेल्या महिन्यात या सदरात बँक खात्यावरील नामनिर्देशनाविषयी लिहिले होते आणि या महिन्यात मृत्युपत्राविषयी लिहीन, असा शब्द दिला होता. तो एक महिना पुढे ढकलत आहे, क्षमस्व. कारण घरचेच आहे. माझा नातू, म्हणजे कन्येचा मुलगा, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकतो. त्याला दोनशे सीसीची मोटारसायकल हवी आहे. वडिलांनी होकार-नकार काहीच न देता प्रकरण आईकडे सोपवले आणि आईने ते माझ्याकडे पाठवले. "अण्णा, तुम्हीच त्याला समजवा. तुमचं तो ऐकतो," असे कन्येने फोनवर सांगितले. बँकेत आम्ही ज्याला 'शिफारशीसह वरिष्ठ कार्यालयाकडे सादर' म्हणत असू, त्यातलाच हा प्रकार. शिफारस अर्थातच नकाराची होती.

रविवारी चिरंजीव आले. मोबाइलवर गाडीची चित्रे दाखवून झाली, तांत्रिक माहिती सांगून झाली. मग त्याने सहज विचारले, "आजोबा, तुम्ही कधी शंभरच्या पुढे गेलात का?" मी म्हणालो, "नाही." उत्तर खरे होते, प्रामाणिक मात्र नव्हते. माझ्या गाडीचा काटा शंभराच्या अलीकडेच थांबत असे, म्हणून मी शंभराच्या पुढे गेलो नाही, एवढेच.

१९८५ च्या अखेरीस यामाहाची आरएक्स १०० भारतात आली. १९८६ मध्ये मी कर्मचारी कर्जावर ती घेतली. तेव्हा माझी नेमणूक जयसिंगपूरजवळच्या एका शाखेत होती. तोवर मी स्कूटर चालवत होतो आणि वाहन म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्याचे साधन, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. ती पहिल्या आठवड्यातच मोडली. ९८ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन, ११ अश्वशक्ती आणि वजन जेमतेम शंभर किलो. आजच्या मुलांना हे आकडे ऐकून हसू येईल. परंतु त्या इंजिनाचा एक स्वभाव होता. कमी फेऱ्यांवर ते गरीब गाईसारखे चाले, आणि मूठ पिळत गेले की एका ठरावीक बिंदूनंतर मागून कोणीतरी ढकलल्यासारखी गाडी पुढे झेपावे. त्या झेपेची ओढ ज्याला लागली, त्याला ती शब्दांत सांगावी लागत नाही; ज्याला लागली नाही, त्याला सांगून उपयोग नाही.

तरीही प्रयत्न करतो, कारण वेगाच्या धोक्यांवर लिहिणारी बहुतेक मंडळी वेगाचा आनंद जणू अस्तित्वातच नाही असे धरून चालतात आणि तिथेच तरुण वाचक पान उलटतो. आनंद असतो, आणि तो मोठा असतो. दिवसभर इतरांच्या रकमांची बेरीज करून डोके शिणलेले असावे, संध्याकाळी हातकणंगल्याच्या पुढे सरळ रस्ता लागावा, दोन्ही बाजूंना ऊस, समोर कोणी नाही. सत्तरच्या पुढे वारा छातीवर हात ठेवून मागे रेटू लागतो. डोळे आपोआप दूर लागतात. कडेची झाडे, मैलाचे दगड, माणसे पुसट होत जातात आणि रस्त्याचा एक अरुंद पट्टा तेवढा लख्ख उरतो. शाखेतला ताळेबंद, घरातील कुरबुर, बदलीची टांगती तलवार, काही म्हणजे काही मनात उरत नाही. वळणावर गाडी कलते तेव्हा शरीरही न सांगता कलते. उजवीकडे वळायचे तर वेगात असताना हँडलची उजवी मूठच किंचित पुढे दाबावी लागते, हे तर्काला उलटे वाटणारे गणित हातांना आपोआप उमगलेले असते. आपले शरीर बुद्धीपेक्षा शहाणे आहे, असा भास त्या क्षणी होतो.

तो भासच होय. कडेचे जग पुसट होते म्हणजे मन एकाग्र झाले, असे आपल्याला वाटते. वास्तविक कडेने रस्त्यावर येऊ पाहणारे कुत्रे, सायकल, शाळकरी मूल आपल्या दृष्टीतून वगळले गेलेले असते. आणि संकट एकदम समोर उभे राहिले की नजर त्याच्यावरच खिळते. जिकडे नजर, तिकडे गाडी. मोकळी वाट शेजारीच असताना माणसे नेमकी त्याच खांबावर जाऊन आदळतात, ती यामुळे.

वाणिज्याचा विद्यार्थी असल्याने मी पुढे कधीतरी कागद घेऊन याचा हिशेब मांडला. ताशी ४५ किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात साडेबारा मीटर जाते. ताशी ९० ला पंचवीस. संकट दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत एक सेकंद जातो असे धरा. ब्रेक लागल्यावर दर सेकंदाला वेग ताशी अठराने उतरतो असेही धरा. जुन्या ड्रम ब्रेकला हे काही कमी नाही. पहिली गाडी एकूण अठ्ठावीस मीटरमध्ये थांबते. दुसरीला सत्याऐंशी मीटर लागतात. वेग दुप्पट, अंतर तिपटीहून अधिक. कारण ब्रेकचे अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. चक्रवाढ व्याजाला घाबरणारे आपण, हे व्याज मात्र हसत भरतो.

याच हिशेबातली एक ओळ मला झोंबली. पहिली गाडी ज्या जागी थांबून उभी आहे, नेमक्या त्या जागेवरून दुसरी गाडी अजून ताशी ८८ च्या वेगाने जात असते. तिच्या ब्रेकला जेमतेम सुरुवात झालेली असते. ९० च्या वेगाने अचल वस्तूवर आदळणे म्हणजे सुमारे बत्तीस मीटरवरून, अर्थात दहा मजली इमारतीच्या गच्चीवरून, खाली पडणे. आणि मिळकत? वीस किलोमीटरच्या प्रवासात साठऐवजी नव्वदने गेलो तर सात मिनिटेही वाचत नाहीत. असा कर्जप्रस्ताव माझ्या टेबलावर आला असता, तर मी तो दुसरे पान न उलटता परत केला असता.

शिरस्त्राणाचा विषय निघाला तेव्हा नातवाला मी 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' या १९६२ च्या चित्रपटाचे नाव सांगितले. तो चित्रपट सुरूच होतो मोटारसायकलवरील अपघाताने. टी. ई. लॉरेन्स याला वेगाचे विलक्षण वेड होते. ताशी शंभर मैलांची हमी देऊन विकल्या जाणाऱ्या ब्रफ सुपीरियरसह त्या कंपनीच्या एकूण सात गाड्या त्याने बाळगल्या. एका विमानाशी लावलेल्या शर्यतीचे वर्णनही त्याने लिहून ठेवले आहे. १३ मे १९३५ रोजी इंग्लंडमधील डॉर्सेट परगण्यात, घरापासून थोड्याच अंतरावर, रस्त्याच्या खोलगट भागामुळे न दिसलेल्या दोन सायकलस्वार मुलांना वाचवताना तो फेकला गेला. निघाला होता कशासाठी, तर तार करायला. ती करून परतत होता. डोक्यावर काही नव्हते. सहा दिवसांनी तो गेला, वयाच्या ४६ व्या वर्षी.

त्याला तपासणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूशल्यचिकित्सक होते. त्या मृत्यूने ते अस्वस्थ झाले. युद्धकाळात त्यांनी मोटारसायकलस्वारांच्या डोक्यांच्या दुखापतींचा अभ्यास केला आणि १९४१ मध्ये तो प्रसिद्ध केला. हेल्मेट घातलेल्या अपघातग्रस्तांची त्यांना अवघी सात उदाहरणे सापडली. सातही जण जगले होते. त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने आपल्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. सर्वसामान्य नागरिकांवर ती सक्ती व्हायला १९७३ साल उजाडले. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १२९ वे कलम तेच सांगते. तरीही २०२२ च्या सरकारी अहवालात रस्त्यांवर मृत्यू पावलेले १,६८,४९१ जण आहेत. त्यांत हेल्मेट न घातलेले ५०,०२९. दुचाकीच्या आरशाला लटकवलेले हेल्मेट आरशाचे रक्षण करते, एवढेच म्हणता येईल.

आकडे पुष्कळ झाले. एक आठवण सांगतो. वाहनकर्जाच्या पाकिटात आम्ही गाडीची दुसरी किल्ली ठेवून घेत असू. एका शाखेत एक गृहस्थ माझ्यासमोर येऊन बसले. धोतर, टोपी, हातात कापडी पिशवी. मुलाच्या मोटारसायकलीचे पाच हप्ते राहिले होते, ते एकदम भरायला आले होते. मुलगा दोन महिन्यांपूर्वी गेला होता. सूट मिळते का, विमा आहे का, यातले त्यांनी काहीही विचारले नाही. पैसे मोजून झाले, पावती झाली, तरी ते उठेनात. मग म्हणाले, "साहेब, दुसरी किल्ली तुमच्याकडं असते म्हणं. पहिली सापडली नाही. तेवढी द्या." गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात मोडून पडलेली होती, ती आता कोणत्याच किल्लीने चालू होणार नव्हती. मी किल्ली दिली. त्यांनी ती रुमालात बांधली.

हे सारे मी नातवाला सांगितले. तो ऐकत होता, पण वडीलधाऱ्यांचे ऐकतात तसा. तेव्हा मला जाणवले की, मी अजूनही इतरांच्याच खात्यांविषयी बोलत आहे. मग छत्तीस-सदतीस वर्षे कोणालाही न सांगितलेली गोष्ट त्याला सांगितली.

जानेवारी १९८७. माझ्या सासूबाई कोल्हापुरात रुग्णालयात होत्या, सौभाग्यवती त्यांच्याजवळ. मी कन्येला घेऊन संध्याकाळी घरी परतत होतो. ती साडेचार वर्षांची. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे तिला पुढे टाकीवर बसवले होते. हेल्मेट ना तिला, ना मला. हातकणंगले मागे पडले, रस्ता मोकळा झाला. मी मूठ पिळली. ती खिदळून ओरडली, "अण्णा, अजून जोरात!" वाचकहो, माझ्या वेगाचे कोणी कौतुक केल्याचा तो पहिलाच प्रसंग. काटा पंच्याऐंशीच्या पुढे गेला. आणि अंधुक उजेडात चाळीसएक पावलांवर उसाची बैलगाडी दिसली. कंदील नव्हता. मागे ऊस हातभर बाहेर आलेला. रस्त्यावर पाचट सांडलेले. मागचे चाक घसरले, मी डावा पाय टेकला, गाडी साइडपट्टीच्या मातीत उतरली. उसाची टोके माझ्या उजव्या खांद्याला घासून गेली. तिचे डोके त्यांच्यापासून वीतभर अंतरावर होते. बाभळीच्या एका झाडाच्या अलीकडे गाडी थांबली. माझे हात इतके कापत होते की मला हँडल सोडता येईना. कन्या मात्र टाळ्या वाजवत म्हणाली, "परत!"

त्यात माझे कौशल्य तिळमात्र नव्हते. तीच गाडी, तोच वेग, तेच पाचट असताना चाक हातभर उजवीकडे घसरले असते, तर हे सदर लिहायला मी नसतो आणि समोर हा मुलगाही बसलेला नसता.

नातू बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आईला माहीत आहे हे?"

"नाही."

"मग माझ्या गाडीचं राहू दे, आजोबा. आधी तिला सांगा."

गाडीचे आमचे बोलणे अपुरेच राहिले आहे. मी नकार दिलेला नाही. त्याने वय वाढवून सांगितले नाही, परवाना काढला आहे, आणि १२५ सीसीवरील नव्या गाड्यांना एबीएस बंधनकारक आहे हे मला त्याच्याआधी ठाऊक होते. उत्तम हेल्मेट आणि चांगले जाकीट आधी, गाडी नंतर, इतके मी कबूल केले आहे. कन्येने मला नकारासाठी नेमले होते, याची मला जाणीव आहे.

त्या रात्री सौभाग्यवतींना सांगितले. त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अहो, तुमच्या डाव्या बुटाचा तळ घासून निघाला होता, तो दुरुस्तीला मीच दिला होता. आणि मुलीच्या फ्रॉकवर पाचटाची कुसळं. विचारलं नाही एवढंच." त्यानंतर चार महिन्यांनी गाडीच्या मागच्या ब्रेकचा नवा संच त्यांनी स्वतः पैसे साठवून बसवून घेतला होता, हे मला आठवले. तेव्हा मी त्याला काटकसरीच्या बाईची लहर समजलो होतो.

हा अंक कन्येच्या घरी महिन्याच्या पाच-सहा तारखेला पोहोचतो. त्याआधीच्या रविवारी मी इचलकरंजीला जाऊन येणार आहे. एस.टी.ने.