सॉफ्टवेअरचं कोटेशन मागवण्याआधी ड्रॉडीबीत चौकटी काढा

व्हिडिओत ड्रॉडीबी उघडून दाखवलं, पण वेळ कमी पडला. म्हणून माझं मत इथे लिहिते. डेटाबेस डिझाइन म्हटलं की आपल्याला वाटतं, हे आयटीवाल्यांचं काम, आपला काय संबंध? संबंध आहे, कारण पैसे आपले जातात.

माझे गेले आहेत. हार्डवेअरच्या दुकानासाठी मी एकाकडून बिलिंग सॉफ्टवेअर बनवून घेतलं होतं. दिसायला झकास. पण त्यात दर फक्त मालाच्या यादीत होता, बिलात वेगळा साठवलाच नव्हता. पाइपचा भाव वाढला की जुनी बिलंसुद्धा नव्या भावाने दिसायची. उधारी मागायला गेलं की गिऱ्हाईक खिशातून छापील बिल काढायचं, आणि आपण गप्प. सहा महिन्यांत परत वहीवर आलो. चूक त्या मुलाची होतीच, पण काय काय साठवायचं हे मीही कधी नीट काढून दिलं नव्हतं.

ड्रॉडीबी हेच काढायला लावतं. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, ब्राउझरमध्ये उघडतं, लॉगिनसुद्धा लागत नाही. एक चौकट म्हणजे एक टेबल: ग्राहक, माल, बिल. त्यात रकाने लिहायचे आणि एका चौकटीतून दुसरीत माऊसने रेघ ओढायची. टेबलला प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक नोंदीचा स्वतःचा नंबर, द्यायला विसरलात तर बाजूला लगेच सूचना येते. मेन्यू मराठीत करता येतो, हे बघून मला बरं वाटलं (काही शब्द मात्र इंग्रजीतच लवकर कळतात, खरं सांगते). शेवटी मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेससाठी कोड निघतो, तो डेव्हलपरच्या हातात द्यायचा.

पण खरी मजा रेघा ओढताना आली. मी 'ग्राहक' लिहिलं आणि अडकले. माल नेतो प्लंबर, पैसे देतो घरमालक, आणि त्याच प्लंबरच्या एका वेळी तीन साइट चालू असतात. मग उधारी कुणाच्या नावावर? वहीत आपण कोपऱ्यात काहीतरी खरडतो आणि लक्षात ठेवतो. चौकटीला ते चालत नाही. शेवटी 'साइट' नावाची वेगळी चौकट काढली, तेव्हा कुठे रेघा जुळल्या.

तसंच जीएसटीचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा कर २८ वरून १८ टक्के झाला. टक्का फक्त मालाच्या चौकटीत असेल, तर ऑगस्टचं बिल आज उघडलं की १८ टक्केच दाखवेल. म्हणून दर आणि कर दोन्ही बिलाच्या प्रत्येक ओळीत साठवायचे. हे आता माझ्या चित्रात आहे.

तक्रारी आहेतच. चित्र तुमच्या ब्राउझरमध्येच राहतं; ब्राउझरचा डेटा साफ केलात की गेलं. त्यामुळे रोज काम संपलं की फाइल एक्सपोर्ट करून ठेवा. मोबाईलवर प्रयत्न करू नका, डोकं फिरेल. आणि हे सॉफ्टवेअर बनवून देत नाही, फक्त नकाशा देतं. वर नकाशा चुकीचा असेल तरी हूं की चूं करत नाही. 'ग्राहक' आणि 'पार्टी' अशी एकाच माणसाची दोन टेबलं केलीत, तरी त्याला सगळं बरोबरच वाटतं. ते तुम्हालाच ओळखावं लागणार.

दुकान लहान असेल, उधारी नसेल, तर याची गरज नाही. तयार बिलिंग अ‍ॅप घ्या आणि धंदा करा. पण स्वतःचं काही बनवून घेणार असाल, तर पैसे ठरवायच्या आधी एक संध्याकाळ इथे बसा.

माझ्या चित्रात सध्या सात चौकटी आहेत. परत आलेल्या मालाची अजून एकटीच उभी आहे. ती बिलाला जोडायची की साइटला, यावर आमच्या दुकानात दोन दिवस वाद चालू आहे.