मुंबई दर्शन, पण खाली उतरून

दिवाळीची सुट्टी संपली की शाळेत सहलीची चर्चा सुरू होते. यंदा ती जरा लवकर सुरू झाली आणि थोडी तापलीही. मुंबईची सहल पुढे चालू ठेवावी की नाही, असा प्रश्न विश्वस्त मंडळाच्या बैठकीत निघाला. खर्च वाढला आहे, दोन रात्री गाडीत जातात, मुले दमून येतात. काही पालकांचे म्हणणे असे की त्यापेक्षा इंदूरजवळच्या एखाद्या वॉटर पार्कला न्यावे, सकाळी जाऊन संध्याकाळी घरी. सहलीबरोबर जाणाऱ्या आम्हा शिक्षकांचे मत काय, असेही विचारले गेले. ते येथे मांडत आहोत. त्यात आमची स्वतःची एक चूकही सांगावी लागणार आहे.

ज्यांनी ही सहल पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. धारहून बसने इंदूर. इंदूरहून संध्याकाळची अवंतिका एक्सप्रेस. पहाटे मुंबई सेंट्रल. स्टेशनजवळच्या एका हॉलवर दात घासणे, आंघोळी, चहा आणि घरून आणलेले दशम्या-चटणीचे डबे. आठ वाजता 'मुंबई दर्शन'ची बस दारात उभी. दिवसभर फिरायचे आणि संध्याकाळी परतीची गाडी धरायची. म्हणजे मुंबईच्या वाट्याला एकूण नऊ-दहा तास येतात.

गेल्या वर्षी या नऊ-दहा तासांत आम्ही छापील पत्रकाप्रमाणे बारा ठिकाणे 'केली'. त्यांतल्या पाच ठिकाणी मुले बसमधून खाली उतरली. गेटवेला वीस मिनिटे मिळाली, त्यांतली दहा रांग लावण्यात आणि मुले मोजण्यात गेली. वस्तुसंग्रहालय बाहेरून. राजाबाई टॉवर खिडकीतून, तोही डाव्या बाजूला बसलेल्यांनाच. हुतात्मा चौकात सिग्नल हिरवा होता, म्हणून तो दिसलाच नाही. एका सिनेनटाच्या बंगल्यापुढे मात्र बस चांगली पाच मिनिटे थांबली. पुढे सी-लिंकवर सगळे आनंदाने ओरडले. हँगिंग गार्डन आणि म्हातारीचा बूट येथे अर्धा तास मिळाला. परत आल्यावर सहावी-सातवीच्या मुलांनी 'आमची सहल' या विषयावर निबंध लिहिले. सर्वांत लांब परिच्छेद होते रेल्वेतल्या वरच्या बर्थवर आणि म्हातारीच्या बुटावर. बाकी सगळे एका ओळीत होते: 'नंतर आम्ही हे पाहिले, नंतर आम्ही ते पाहिले.'

बसबरोबर जो मार्गदर्शक होता तो मनाने वाईट नव्हता. रोज तीच माहिती, तेच विनोद, तोच माइक. त्याचाही घसा बसलेला होता. आम्ही मध्य प्रदेशातून आलो म्हटल्यावर त्याने सगळे हिंदीतून सांगायला सुरुवात केली. पुढच्या बाकावरच्या एका मुलाने मराठीतून काहीतरी विचारले, तेव्हा तो थबकला. "तुम्ही मराठी?" मुलगा म्हणाला, "हो, आम्ही धारचे." मार्गदर्शकाला हे उत्तर पुरेसे वाटले नसावे, कारण त्याने आमच्याकडे पाहिले. दोन वाक्ये तो मराठीत बोलला आणि सवयीने पुन्हा हिंदीवर गेला. आमची मुले घरी मराठी बोलतात, गल्लीत माळवी आणि हिंदी. त्यांच्यासाठी मुंबई हे ते शहर आहे जिथे दुकानाच्या पाट्या आपल्या भाषेत असतात. त्या शहरात त्यांना पाहुणे म्हणून हिंदीत समजावले गेले. यात कोणाचा दोष काढावा हे आम्हांला कळत नाही. पण ते आम्हांला लागले, हे खरे.

आता आमच्या चुकीचे.

दुपारी बस गिरगाव चौपाटीवरून चालली होती. मार्गदर्शक म्हणाला, "ये है चौपाटी, यहाँ की भेलपुरी मशहूर है." नंतर त्याने मुलांना अंताक्षरी खेळायला लावली. खिडकीबाहेर लोकमान्य टिळकांचा पुतळा होता. आमच्यापैकी दोघांना ठाऊक होते की तो रघुनाथ कृष्ण फडके यांनी घडवलेला आहे. तेच फडके, ज्यांचा स्टुडिओ आपल्या धारमध्ये आहे. आम्ही एकमेकांकडे पाहिले. बस थांबवा म्हणावे असे वाटले, पण वेळापत्रक पुढे सरकत होते, मागून गाड्या भोंगे वाजवत होत्या, आणि मुले 'म' वरून गाणे शोधत होती. आम्ही काही बोललो नाही. बस पुढे गेली.

धारला परतल्यावर तिसऱ्या दिवशी एका विद्यार्थिनीचे आजोबा शाळेत आले. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "फडक्यांचे टिळक पाहिलेत ना?" नातीने सांगितले होते की चौपाटीवर भेळ मिळते. आम्हांला उत्तर देता आले नाही.

मुलांनो, तुमच्यापैकी अनेकांनी फडके स्टुडिओ हे नाव ऐकले असेल, पण ते फडके कोण, हे कदाचित कोणी सांगितले नसेल. त्यांचा जन्म १८८४ चा, वसईचा. मुंबईत त्यांनी शिल्पकार म्हणून नाव मिळवले. नंतर संस्थानच्या काळात ते धारला आले आणि येथलेच झाले. १९६१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९७२ मध्ये ते वारले. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले आणि चौपाटीच्या वाळूवर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. त्याच चौपाटीवर आज त्यांचा पुतळा उभा आहे, आणि तो घडवणाऱ्या माणसाने आपल्या आयुष्याची पुढची वर्षे आपल्या या गावात काढली. धारच्या मुलाला मुंबईत यापेक्षा जवळचे दुसरे काय असणार? आणि नेमके तेच आम्ही अंताक्षरीत घालवले.

खरे तर अशा फिरण्याला आपण धारकर हसतो. मांडव आपल्यापासून ३५ किलोमीटरवर. सुट्टीच्या दिवशी तिथे बाहेरच्या बसगाड्यांची रांग लागते. जहाज महाल, हिंडोळा महाल, होशंगशहाची कबर, रूपमतीचा मंडप, मध्ये जेवण, एखादी गोरख चिंचेची पिशवी, की झाले मांडव. होशंगशहाच्या कबरीच्या दारावर १६५९ चा एक लेख आहे. शहाजहानच्या पदरचे वास्तुकार ही इमारत पाहायला आणि तिच्या घडवणाऱ्यांना मान द्यायला आले होते, असे तो सांगतो. तो लेख पाहायला किती जण थांबतात? आपण म्हणतो, 'आले आणि गेले, काही पाहिले नाही.' मुंबईत आपणही तसेच असतो, फक्त हसणारे दुसरे असतात.

तरीही या सहलीच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती आमच्या तोंडावर सांगितली गेली आहे. बाजारात छोटे दुकान असलेले एक पालक आम्हांला म्हणाले, "सर, तुम्ही म्हणता कमी ठिकाणे दाखवा. पण आमचा मुलगा पुन्हा मुंबईला केव्हा जाणार? तुमच्यासारखे आम्ही दर उन्हाळ्यात दादरला मावशीकडे जात नाही. बसमधून का होईना, सगळे दिसले तर पाहिजे." यावर आमच्याकडे चटकन उत्तर नव्हते. आपल्या समाजात पुण्या-मुंबईला नातेवाईक असलेली घरे आहेत, तशी तिकडचा एकही धागा न उरलेली घरेही आहेत. पाच-सहा पिढ्या माळव्यात गेल्या, मूळ गाव फक्त आडनावात राहिले. त्या मुलासाठी शाळेची सहल हीच मुंबई. आणि अशा सहलींचा उगमच मुळी अशा लोकांसाठी झाला. ५ जुलै १८४१ रोजी इंग्लंडमध्ये थॉमस कुक यांनी सुमारे पाचशे माणसांना लेस्टरहून लफबरोला आगगाडीने नेले, माणशी एक शिलिंगात. एकट्याने जाणे ज्यांना परवडत नाही त्यांना सगळ्यांबरोबर जाता यावे, हे त्यात होते. म्हणून 'दर्शन' बसला नाके मुरडणे आम्हांला शोभत नाही.

पण त्या पालकांचे म्हणणे मान्य करूनच आम्ही म्हणतो की, ज्याला एकदाच जायचे आहे त्याच्या हाती काहीतरी लागले पाहिजे. बसमधून बारा ठिकाणे दिसली आणि महिनाभराने बूट तेवढा आठवला, तर त्या दुकानदाराचे पैसे आपण नीट वापरले असे म्हणता येईल का?

आमचा प्रस्ताव असा. सहल ठेवावी. सकाळचे दोन तास बस घ्यावी, मलबार हिलवर चढावे, वरून समुद्र आणि शहराचा आकार दाखवावा. बूटही राहू द्यावा, नाहीतर मुले आमच्याशी बोलणार नाहीत! नंतर बस गेटवेपाशी सोडून द्यावी आणि पुढे पायी चालावे. गेटवे, वस्तुसंग्रहालय, राजाबाई टॉवर, हुतात्मा चौक आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ही पाचही ठिकाणे पायी होण्यासारखी आहेत. आपली मुले खंडेरायाच्या यात्रेत याहून जास्त चालतात.

आणि चालताना सांगण्यासारखे किती आहे! राजा पंचम जॉर्ज मुंबईला उतरला १९११ च्या डिसेंबरमध्ये, आणि त्याच्या स्वागताची ही कमान पुरी झाली १९२४ मध्ये. स्वागताची कमान पाहुणा गेल्यावर तेरा वर्षांनी! आपल्याकडच्या लग्नात असा मांडव घातला असता तर वरपक्षाने काय केले असते, ते पालकांनी ठरवावे. याच कमानीतून २८ फेब्रुवारी १९४८ रोजी इंग्रजांची शेवटची पलटण बाहेर पडली. त्याच वर्षी धार आणि देवासची दोन्ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली, हे आठवीच्या मुलांना तिथे उभे राहून सांगितले तर दोन्ही तारखा कायमच्या लक्षात राहतील. गेटवे ज्याने आखला त्याच जॉर्ज विटेटने वस्तुसंग्रहालयही आखले. ते लोकांसाठी १९२२ मध्ये उघडले. त्याचा घुमट विजापूरच्या गोल घुमटाच्या धर्तीवरचा आहे. होशंगशहाचा घुमट लहानपणापासून पाहिलेल्या मुलांना तो दाखवा आणि दोघांत काय सारखे, काय वेगळे ते विचारा. मार्गदर्शकापेक्षा तीच जास्त सांगतील. राजाबाई टॉवर प्रेमचंद रायचंद यांनी दिलेल्या देणगीतून, त्यांच्या आईच्या नावाने उभा राहिला. आणि टर्मिनसच्या दगडात मोर, माकडे आणि इतर प्राणी कोरलेले आहेत. फाटकाच्या एका खांबावर सिंह आहे, दुसऱ्यावर वाघ. लहान मुलांना एकच काम द्यावे: प्राणी मोजा. सर्वांत जास्त प्राणी सापडतील त्याला वडा-पाव. (हे बक्षीस आमच्या खिशातून. मंडळाने खर्चाची काळजी करू नये.)

शेवटी चौपाटी. ऊन उतरल्यावर, टिळकांच्या पुतळ्यापुढे. तिथे अर्धा तास बसायचे, भेळ खायची, आणि तिथूनच मुंबई सेंट्रल. ते स्टेशन तिथून जवळ आहे.

हे सगळे मराठीतून आम्हीच सांगू. त्यासाठी आम्हांला अभ्यास करावा लागेल, तो करायची तयारी आहे. पण एक अट आहे. सहलीच्या आधीच्या शनिवारी, परवानगी काढून, मुलांना धारमधल्या फडके स्टुडिओवर न्यायचे. आधी घरचे पाहायचे, मग मुंबईचे. ज्या आजोबांनी तो प्रश्न विचारला, त्यांनाच त्या दिवशी बोलवावे असे आम्ही सुचवतो. त्यांना आमच्यापेक्षा जास्त माहिती आहे.

वॉटर पार्कबद्दल आमचे काही म्हणणे नाही. उन्हाळ्यात जरूर जावे, आम्हांलाही आवडते. फक्त त्याला मुंबईच्या जागी बसवू नये.

खर्चाचे म्हणाल, तर दिवसभराच्या बसऐवजी दोन तासांची बस म्हणजे भाडे कमी. तो फरक ज्या चार-पाच मुलांना दरवर्षी पैशांमुळे सहलीला येता येत नाही त्यांच्यासाठी ठेवावा, अशी विश्वस्तांना विनंती आहे. ही मुले कोण हे आम्हां शिक्षकांना माहीत असते. ती सहलीच्या आठवड्यात शाळेत फार गप्प असतात.

हा विषय पुढच्या पालक सभेत निघेल. त्याआधी प्रत्येक विद्यार्थ्याने मुंबईत कोणत्या एका ठिकाणी खाली उतरायचे आहे ते चिठ्ठीवर लिहून वर्गशिक्षकांकडे द्यावे. म्हातारीचा बूट लिहिला तरी चालेल.