तपासणी दोघांचीही हवी

लग्नाला दोन-तीन वर्षे होऊनही पाळणा हलला नाही, की बारामतीजवळच्या कन्हेरीत काय किंवा इंदापूरकडच्या गावांत काय, पहिली विचारणा सुनेकडे होते. तिची सोनोग्राफी, रक्ततपासण्या, नवससायास सुरू होतात. नवऱ्याची साधी वीर्यतपासणी मात्र सर्वांत शेवटी, तीही नाखुशीने. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार दर सहा प्रौढांपैकी सुमारे एकाला आयुष्यात कधी तरी वंध्यत्वाला तोंड द्यावे लागते. अशा जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषातील दोष हे एकमेव किंवा सहायक कारण असते.

शुक्राणू तयार होण्यासाठी वृषणांना शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागते. मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीची संप्रेरके हे काम चालवतात. शुक्राणूची घडण पूर्ण व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. त्यामुळे आज आलेल्या तापाचा परिणाम पुढच्या अडीच-तीन महिन्यांत दिसू शकतो. एकाच अहवालावरून निष्कर्ष काढू नये, तो याचसाठी.

कारणे अनेक आहेत. वृषणाच्या शिरा फुगण्याचा विकार, म्हणजे व्हेरिकोसील, साधारण १५ टक्के पुरुषांत आढळतो. वंध्यत्वासाठी येणाऱ्यांत हे प्रमाण ४० टक्क्यांपर्यंत जाते. वयात आल्यावर झालेले गालगुंड, वीर्यनलिकेतील अडथळा, गुणसूत्रांतील दोष, तंबाखू ही आणखी काही कारणे. शरीर कमावण्यासाठी घेतलेल्या टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनांमुळे पियूषिकेचे संदेश थांबतात आणि शुक्राणूंची निर्मिती मंदावते किंवा बंदही पडते.

शेतीच्या पट्ट्यात फवारणीचा प्रश्नही येतो. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातील एका कारखान्यात डीबीसीपी हे सूत्रकृमीनाशक हाताळणाऱ्या कामगारांत शुक्राणू घटल्याचे, काहींत ते शून्यावर आल्याचे उघड झाले. म्हणून प्रत्येक औषध तितकेच घातक ठरत नाही. पण हातमोजे, मास्क आणि फवारणीनंतर अंघोळ यांत हयगय नको.

दोन ते सात दिवसांच्या संयमानंतर दिलेला नमुना बरेच काही सांगतो. दोष दिसल्यास तपासणी पुन्हा करावी. उपचारकेंद्र २०२१ च्या कायद्यानुसार नोंदणीकृत आहे का, हेही विचारावे. शरीरसंबंध व्यवस्थित असलेल्या पुरुषातही शुक्राणू नसू शकतात. वंध्यत्व म्हणजे नपुंसकत्व नव्हे. एवढे घरात उमगले, तरी सुनेची कित्येक वर्षांची वणवण वाचेल.