खासदाराकडे जाताना हातात अर्ज असावा

संकट आले की नांदगाव पेठच्या वस्तीतला माणूस आधी शेजाऱ्याकडे धावतो, मग सरपंचाकडे आणि शेवटी खासदाराकडे. तिथे हात जोडून "साहेब, काही तरी करा जी" एवढेच म्हणतो. धान्याची पिशवी मिळते, फोटो निघतो. पिशवी आठ दिवसांत संपते. पुढे काय? म्हणून अडचणीच्या वेळी खासदाराकडे नेमके काय मागावे, हा प्रश्न आज आम्ही वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवीत आहोत.

खासदार निधी डिसेंबर १९९३ पासून सुरू आहे. आज प्रत्येक खासदाराच्या वाट्याला वर्षाला ५ कोटी रुपये येतात. हा पैसा त्यांच्या खिशात येत नाही. ते लेखी शिफारस करतात आणि मंजुरी जिल्हा प्रशासन देते. कोणा एकाच्या हातात त्यातून रोकड देता येत नाही. मात्र या निधीतील १५ टक्के, म्हणजे ७५ लाख रुपये, अनुसूचित जातींच्या वस्त्यांवर खर्च व्हावेत असा दंडक आहे. विहारासाठी हा निधी मिळत नाही. समाजभवन, रस्ता, नाली, पाण्याची सोय यासाठी मिळतो. नाली वेळेवर झाली तर पावसाळ्यात घरात पाणी शिरत नाही. तीसुद्धा संकटातली मदतच आहे.

पण निधीवरच विसंबून चालत नाही, हे कोरोनाने दाखवून दिले. एप्रिल २०२० मध्ये केंद्र सरकारने हा निधी दोन वर्षांसाठी थांबविला. फेब्रुवारी २०२१ मध्ये दुसरी लाट आली तेव्हा अमरावतीत २२ तारखेपासून पुन्हा टाळेबंदी लागली. रोजमजुरी करणाऱ्यांच्या चुली थंडावल्या, आणि नेमकी तेव्हाच खासदारांची थैली रिकामी होती. निधी पुन्हा सुरू झाला तो नोव्हेंबर २०२१ मध्ये.

मग थैली रिकामी असली की खासदार बिनकामाचा का? मुळीच नाही. घरात मोठे आजारपण आले तर पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीसाठी त्यांचे शिफारसपत्र मागावे. मंजूर रक्कम थेट रुग्णालयाकडे जाते. म्हणून उपचाराआधीच डॉक्टरांचे खर्चाचे अंदाजपत्रक आणि उत्पन्नाचा दाखला तयार ठेवावा.

वस्तीवर अत्याचार झाला तर १९९५ च्या नियमांप्रमाणे जिल्ह्यात दक्षता समिती असते. जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष आणि खासदार सदस्य असतात. दर तीन महिन्यांनी तिची बैठक व्हायला हवी. "मागच्या बैठकीत आमच्या प्रकरणाचे काय झाले?" हे खासदारांना विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

आणि सर्वांत मोठे काम संसदेतले. धर्मांतरित बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळाल्या त्या १९९० साली कायद्यात दुरुस्ती झाली म्हणून. त्याआधी चौतीस वर्षे आपल्या पिढ्यांनी वाट पाहिली. १९९८ साली अमरावतीने रा. सू. गवई यांना आणि अकोल्याने प्रकाश आंबेडकर यांना लोकसभेत पाठविले. त्या वर्षी महाराष्ट्रातून चार रिपब्लिकन खासदार निवडून आले होते. पण ती लोकसभा वर्षभराने, एप्रिल १९९९ मध्ये, विसर्जित झाली. माणूस निवडून दिला की आपले काम संपत नाही, त्याच्याकडून काम करून घ्यावे लागते.

म्हणून माता-भगिनींना आमची विनंती आहे. रेशनकार्ड, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि दवाखान्याचे कागद घरातल्या पेटीत एकाच पिशवीत ठेवा. अतिवृष्टीने घर पडले तर आधी तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या, कारण नुकसानभरपाई त्यावरच ठरते. तलाठी आलाच नाही तर तक्रार लिहून तहसीलदारांकडे द्या आणि तिची प्रत खासदारांच्या कार्यालयात नेऊन द्या. वस्तीतल्या शिकलेल्या मुलामुलींनी असे अर्ज लिहून द्यावेत. त्यांच्या शिक्षणाचा याहून चांगला उपयोग कोणता?

धान्याची पिशवी मिळाली तर जरूर घ्यावी, त्यात लाज नाही. पण कार्यालयातून निघताना अर्जाची पोच आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय पायरी उतरू नये.