तरवा घरीच टाका

नाताळ उरकला, तीन राजांचा सण झाला, की बेळगाव-खानापूर भागातल्या आपल्या धर्मग्रामांत उन्हाळी भाजीची गडबड सुरू होते. विहिरीत पाणी किती आहे ते पाहायचे, दोन-चार गुंठे नांगरून ठेवायचे आणि फेब्रुवारीत कोठून तरी टोमॅटो-मिरचीची रोपे विकत आणून लावायची, अशी आता रीत पडली आहे. ही रीत लहान शेतकऱ्याच्या हिताची नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्याची लागवड पाच-दहा गुंठ्यांच्या आत आहे, त्याने तरवा आपल्या पडवीतच टाकावा.

आम्ही हे ठेच लागल्यावर बोलत आहोत. गेल्या उन्हाळ्यात आम्हीही टोमॅटोची रोपे विकत आणली. दिसायला हिरवीगार होती. तीन आठवड्यांत पाने आत वळली, झाडे खुजी राहिली आणि दोन गुंठ्यांतून घरच्या आमटीपुरतीही फळे निघाली नाहीत. रोग रोपांबरोबर आला की शेतात लागला, हे आज कोणी शपथेवर सांगू शकणार नाही. पण रोपे कोठे, कशी वाढली हेच ठाऊक नसल्यामुळे दोष शोधायलाही जागा उरली नाही. पैसे गेले, हंगामही गेला.

तरवा घराच्या आडोशाला का टाकायचा? पहिले कारण थंडी. जानेवारीच्या रात्री उघड्या वाफ्यातली माती गार पडते. मिरचीचे बी २५ ते ३० अंश उष्णतेत सुमारे आठ दिवसांत उगवते. तेच १५ अंशांवर जवळजवळ साडेतीन आठवडे पडून राहते आणि तोवर कुजण्याची भीती असते. पडवीत, चुलीच्या भिंतीलगत ठेवलेल्या पेटीला ही ऊब फुकट मिळते.

दुसरे कारण पाणी, आणि आमच्या दृष्टीने हेच मोठे. रोप लहान असताना पाच आठवडे सबंध वाफे भिजवायचे, की पेटीवर रोज तांब्या-दोन तांबे शिंपडायचे? एप्रिल-मेमध्ये विहिरीचा तळ दिसू लागतो. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात रोप शेतात गेले, तर पाणी आटण्यापूर्वी झाड फळाला आलेले असते.

आता हिशेब. एका गुंठ्यात तीन फूट बाय दीड फूट अंतराने टोमॅटोची सुमारे २४० झाडे बसतात. त्यासाठी दीड ग्रॅम बी पुरते, कारण एका ग्रॅमात साधारण ३०० बिया असतात. पेट्या तीन लागतील. दीड फूट लांब, सव्वा फूट रुंद, तीन इंच खोल. फळांच्या जुन्या लाकडी पेट्या चालतात. तळाला पाणी निथळण्यास फटी हव्यात. दोन भाग चाळलेली माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत आणि एक भाग वाळू एकत्र करावी. कच्चे शेण घालू नये. ओळींत बोटभर अंतर ठेवून बी अर्धा सेंटिमीटर खोल पेरावे. दाट पेरून ओली गच्च माती ठेवली, की बुरशी लागून रोपे जमिनीलगत कोलमडतात. म्हणून पाणी सकाळीच द्यावे आणि वरची माती सुकल्यावरच द्यावे.

काकडी, दुधी, दोडका यांच्या मुळांना धक्का सोसत नाही. त्यांचे बी तळाला भोक पाडलेल्या करवंटीत किंवा दुधाच्या रिकाम्या पिशवीत एकेक लावावे. दोन-तीन पाने आली, की सबंध मातीसकट खड्ड्यात बसवावे.

पुष्कळांचा तरवा येथे फसतो: बी उगवले तरी पेटी घरातच राहते. मग रोपे उंच, फिकट आणि लुळी होतात. अंकुर दिसला त्याच दिवशी पेटी उजेडात आणावी आणि रात्री पुन्हा आडोशाला घ्यावी. दिवसा वरून मलमलीचा पातळ कपडा ताणावा. पाने वळवणारा विषाणू पांढरी माशी आणते आणि मच्छरदाणीची भोके तिला अडवू शकत नाहीत. टोमॅटो चार-पाच आठवड्यांत, वांगी-मिरची पाच-सहा आठवड्यांत तयार होते. लावण्यापूर्वी चार-पाच दिवस पाणी कमी करून रोप ऊन सोसण्यास तयार करावे आणि लावणी संध्याकाळी करावी.

आरोग्याच्या दोन गोष्टी. पाकिटातले लाल-निळे रंगवलेले बी म्हणजे औषध लावलेले बी. ते मुलांच्या हाती देऊ नये, स्वयंपाकाच्या वाटीने मोजू नये, उरलेले कोंबड्यांपुढे टाकू नये. दुसरी गोष्ट तंबाखूची. निपाणीच्या शेजारचे आपण. खिशात चंची असतेच. तंबाखू मळलेल्या हाताने रोपांना मोझेक रोग लागू शकतो. साबणाने हात धुतल्याशिवाय पेटीला शिवू नये. जी वस्तू रोपालाही सोसत नाही, ती आपल्या तोंडाला कशी सोसेल, याचा विचार पेटीजवळ बसूनच करावा.

कोणी म्हणेल, रोपवाटिकेतली रोपे एकसारखी असतात आणि वेळ वाचतो. खरे आहे. एकरभर लागवड करणाऱ्याने खात्रीच्या, जाळीबंद रोपवाटिकेतून, स्वतः पाहून रोपे घेतली तर आमची हरकत नाही. पण लहान शेतकऱ्याची ताकद पैशात नसून घरच्या माणसांत असते. आजीची नजर, सुनेचा हात, शाळेतून आलेल्या पोराचा तांब्याभर पाण्याचा उत्साह, हे विकत मिळत नाही. हे काम पडवीतून गेले, तर पुढच्या पिढीला बी ओळखताही येणार नाही.

बी घेतानाही डोळे उघडे ठेवावेत. १९६६ च्या बियाणे कायद्याखालील मानकांनुसार टोमॅटो व वांग्याची उगवण किमान ७० टक्के आणि मिरचीची ६० टक्के हवी. पाकिटावर तो आकडा व मुदत वाचावी, पावती जपावी. वीस बिया ओल्या फडक्यात गुंडाळून उबेला ठेवाव्यात. टोमॅटोच्या आठवड्यात चौदा उगवल्या तर बी पेरण्याजोगे आहे. संकरित वाणाचे बी मात्र धरून ठेवू नये, त्याची पुढची पिढी तशीच येत नाही.

पेरणाऱ्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकतो. त्यात बी सगळीकडे एकच होते. पडले कोठे, यावर पीक ठरले. चांगली जमीन आपोआप मिळत नाही, ती चाळावी, निथळावी, राखावी लागते. पेटीतली तीन इंच माती तरी आपण तशी करू शकतो. आणि तरवा उरलाच, तर तो उकिरड्यावर न टाकता रविवारी मिस्सेला येताना ओल्या गोणपाटात गुंडाळून आणावा. ज्या घरात तरवा टाकायला हातच उरले नाहीत, असे एखादे घर प्रत्येक धर्मग्रामात असते.