पुढचं दार, मागचं दार

अ‍ॅमस्टरडॅमला जाऊन आलेला मराठी माणूस दोनपैकी एक गोष्ट हमखास सांगतो. एक, 'तिथे सगळं लीगल आहे.' दोन, 'म्हणूनच तिथे वाट लागली.' मी नोकरीनिमित्त दोन वर्षं उत्रेख्तमध्ये राहिलो. माझ्या मते दोन्ही विधानं चूक आहेत, पण दुसरं जास्त घातक आहे. ते ऐकलं की आपल्याला आपला कायदा शहाणा वाटायला लागतो.

आधी पहिलं विधान. नेदरलँड्समध्ये गांजा आजही बेकायदा आहे. अफूविषयीचा पहिला आंतरराष्ट्रीय करार १९१२ साली हेगमध्येच झाला आणि त्यातून १९१९चा डच अफू कायदा आला. तेव्हा हेच डच सरकार जावा बेटावर अफूची मक्तेदारी चालवत होतं, आणि अ‍ॅमस्टरडॅममध्ये जावाच्या कोकापानांपासून कोकेन बनवणारा कारखाना सुरू होता. त्यामुळे 'डच लोक मुळातच उदारमतवादी' वगैरे कौतुक बाजूला ठेवू. १९५३पासून गांजा बाळगणंही गुन्हा झाला.

वळण आलं ते १९७०च्या दशकात. देशात हेरॉइन शिरलं होतं. १९७२ साली बान समितीने साधा मुद्दा मांडला: सगळ्या पदार्थांचा धोका सारखा नाही, आणि चरस ओढणाऱ्या पोराला गुन्हेगार ठरवण्याने त्याचं होणारं नुकसान चरसमुळे होणाऱ्या नुकसानापेक्षा मोठं असू शकतं. १९७६ साली कायद्यात दोन याद्या झाल्या. हेरॉइन, कोकेन वगैरे पहिल्या यादीत. गांजा-चरस दुसऱ्या यादीत. तीस ग्रॅमपर्यंत बाळगणं किरकोळ गुन्हा ठरला. हेतू एवढाच, की गांजा घ्यायला गेलेल्या मुलाची हेरॉइन विकणाऱ्याशी गाठच पडू नये.

यातून कॉफीशॉप उभी राहिली. डच भाषेत याला 'खेडोखेन' म्हणतात: गुन्हा आहे हे मान्य करून, लेखी अटी घालून केलेली डोळेझाक. जाहिरात नको, कडक ड्रग्ज नकोत, शेजाऱ्यांना त्रास नको, अल्पवयीन गिऱ्हाईक नको, मोठा साठा नको. १९९६ साली अटी आणखी आवळल्या: एका माणसाला तीसऐवजी पाच ग्रॅम, दुकानात जास्तीत जास्त ५०० ग्रॅम. याला कुणी 'सगळं लीगल' म्हणत असेल, तर त्याने पाटी वाचलेली नाही.

आता दुसरं विधान. टीकाकार रोटरडॅम बंदरातल्या कोकेनकडे बोट दाखवतात. २०१९ साली वकील डेर्क विर्सुम यांचा खून झाला, २०२१ साली पत्रकार पेटर आर. दे व्रीस यांना भर रस्त्यात गोळ्या घातल्या गेल्या, हे सांगतात. घटना खऱ्या आहेत, भयंकर आहेत. पण कोकेन कधीच सहन केलं गेलेलं नाही. ते पहिल्या यादीत आहे, त्यावर पूर्ण बंदी आहे. बंदी असलेल्या मालाच्या बाजारातल्या हिंसेचं खापर डोळेझाकीवर कसं फोडता येईल?

दोष आहे, पण तो वेगळा. कॉफीशॉपला पुढच्या दाराने गांजा विकायची मुभा, पण मागच्या दाराने तो आणणं गुन्हा. दुकानदार कर भरणार, आणि माल मात्र गुन्हेगारांकडून घेणार. आमच्या धंद्यात याला तात्पुरता पॅच म्हणतात. प्रॉडक्शनमध्ये टाकताना सगळे म्हणतात, पुढच्या महिन्यात नीट करू. डच सरकारला तो पुढचा महिना यायला जवळपास अर्धशतक लागलं. डिसेंबर २०२३मध्ये ब्रेडा आणि टिलबर्ग इथे परवानाधारक शेतकऱ्यांचा गांजा दुकानांत आला, आणि एप्रिल २०२५पासून दहा नगरपालिकांत प्रयोग पूर्णपणे सुरू झाला. अ‍ॅमस्टरडॅम त्यांत नाही. मधल्या काळात मागच्या दाराने गेलेल्या पैशावर टोळ्या पोसल्या गेल्या असणार, हे मला मान्य आहे. पण हे अर्धवटपणाचं अपयश आहे, सहिष्णुतेचं नाही.

आणि जे पूर्ण केलं, ते चाललं. १९८४ साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये वापरलेल्या सुया देऊन नव्या घेण्याची सोय झाली, त्यात नशा करणाऱ्यांच्याच संघटनेचा पुढाकार होता. १९९२पासून कुणीही आपली गोळी निनावी तपासून घेऊ शकतो. डिसेंबर २०१४मध्ये सुपरमॅनचं चिन्ह असलेली एक गुलाबी गोळी अशीच तपासणीला आली. आत एक्स्टसी नव्हतीच, पीएमएमए नावाचं जीवघेणं रसायन होतं. देशभर इशारा दिला गेला. त्याच गोळीने नववर्षाच्या सुमारास ब्रिटनमध्ये चार जण गेले. नेदरलँड्समध्ये तिचा एकही बळी नोंदला गेला नाही.

हे वाचलं तेव्हा मला आमचं हॉस्टेल आठवलं. शेवटच्या वर्षाला एका मित्राने कुणाकडून तरी आणलेली गोळी घेतली. रात्री दोन वाजता त्याचं अंग भट्टीसारखं तापलं होतं आणि तो कुणालाच ओळखत नव्हता. आम्ही चौघं ओले टॉवेल बदलत बसलो. दवाखान्यात नेलं नाही, कारण दवाखाना म्हणजे पोलीस आणि पोलीस म्हणजे डिग्री गेली. तो वाचला. यात आमची अक्कल शून्य होती, निव्वळ नशीब होतं.

आपल्या १९८५च्या कायद्यात नशा करणं हाच गुन्हा आहे. उपचारांसाठी स्वतःहून पुढे येणाऱ्या व्यसनीला सूट देणारं ६४अ कलम आहे, पण माझा मित्र व्यसनी नव्हता, आणि त्या रात्री आम्हाला कलमं नाही, भीती पाठ होती. याच कायद्याने गांजाच्या व्याख्येतून नुसती पानं वगळली आहेत, म्हणून काही राज्यांत परवानाधारक दुकानात भांग मिळते. त्याच झाडाच्या फुलाला तुरुंग. म्हणजे खेडोखेन आपल्याकडेही आहे, फक्त त्यामागे कसलाही विचार नाही.

मी कोपऱ्याकोपऱ्यावर कॉफीशॉप मागत नाही. गोळी तपासून मिळावी, आणि रात्री दोन वाजता मित्राला दवाखान्यात नेणाऱ्याला कुणी गुन्हेगार धरणार नाही, हे त्याला आधीपासून माहीत असावं, एवढंच मागतो. 'वाट लागलेल्या' त्या देशात यातली पहिली सोय तीस वर्षांहून जास्त काळ सुरू आहे. आपण निदान टॉवेल खाली ठेवायला हरकत नाही.